डब्याखालचे तीन महिने

आमचे हे तीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवत होते. वेरूळ, अजिंठा, शिर्डी, नाशिक, कधी थेट गोव्यापर्यंत. मी घरी शिलाई मशीनवर. शाळांचे गणवेश शिवते. मशीन खिडकीला लागून आहे आणि खिडकीतून फाटक दिसतं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून घरात मी आणि मशीन, असंच होतं.

मग यांच्या मणक्यानं दगा दिला. डॉक्टरांनी लांबच्या फेऱ्या बंद करायला सांगितल्या. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. कमरेला पट्टा बांधून तास-दोन तास गाडी चालवायला हरकत नाही. हे घरी बसले. बसले म्हणायचं एवढंच. सकाळी उठून गच्चीवर जायचे, खाली यायचे, फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जाऊन फुलंब्रीकडं जाणारी वाहनं बघत उभे राहायचे, पुन्हा आत. चहा अर्धा प्यायचे आणि उठायचे. मला वाटलं होतं, माणूस घरी आला की जिवाला स्वस्थता मिळेल. उलटं झालं. त्यांची पावलं ऐकून माझाही पाय मशीनच्या पायडलवर ठरेना. एकदा एका सदऱ्याला दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या जोडल्या, तेव्हा मी मशीन बंद केलं आणि म्हटलं, "अहो, आपण कुठंतरी जाऊ."

"कुठं?"

"ते मला काय माहीत? तुम्ही हिंडलेले."

ते उठून फाटकाकडं गेले. पण चार दिवसांनी, दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवायचे होते तेव्हा, ते सकाळीच आमची जुनी जीप घेऊन गेले आणि दुपारी मागं एक डबा ओढत आले.

खुलताबादच्या घाटाजवळ एकानं पाहुण्यांना राहण्यासाठी कॅम्प काढला होता. हे तिथं पर्यटक सोडायचे. कॅम्प बंद पडला, तंबू विकले गेले आणि चाकांवरच्या तीन खोल्या गवतात उभ्या राहिल्या. मालकानं यांना सांगितलं, भंगारात जाण्यापेक्षा एक तू ने. हे तिला कॅराव्हॅन म्हणत. मी डबा म्हणते. जीपच्या मागं अडकवायचा, दोन चाकांचा, बाहेरून पांढरा पत्रा, आत दोन माणसांचं अंथरूण, एक ओटा, एक लहान मोरी, दोन खिडक्या. खिडकीचे पडदे उन्हानं जळून पांढरे पडले होते. घराच्या मागं आमची थोडी मोकळी जागा आहे, काळ्या मातीवर मुरूम टाकलेली. तिथं तो उभा केला.

मी केरसुणी घेऊन आत चढले. मनात पडदे शिवूनही झाले होते. अंथरुणाखालचं झाडलं, ओट्यापुढचं झाडलं, मोरीजवळ पाय टाकला आणि तो पाय पोटरीपर्यंत खाली गेला.

मी ओरडले नाही. तशीच उभी राहिले, एक पाय डब्यात आणि एक पाय डब्याखालच्या वाऱ्यात. वाकून पाहिलं तर भोकातून मुरूम दिसत होता आणि माझी चप्पल खाली पडलेली होती. फरशीचं प्लायवूड भिजून भिजून बिस्किटासारखं झालं होतं.

हे धावत आले. माझा पाय बाहेर काढला, पोटरीवर ओरखडे उठले होते. मग ते त्या भोकाकडंच बघत राहिले. "वरून तर चांगला दिसत होता," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मिस्त्रींना बोलावलं. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्ल्यांत राहणारे, साठी ओलांडलेले, वेल्डिंग आणि गाड्यांच्या पत्र्याचं काम करत आयुष्य गेलेले. यांची ओळख गॅरेजमधली. सायकल भिंतीला लावून ते आले, मला आमच्या रीतीनं म्हणाले, "जयभीम, ताई." मी त्यांच्या रीतीनं म्हटलं, "सलाम, चाचा." त्यांनी डब्याभोवती एक चक्कर मारली, जागोजागी बोटांनी ठोकलं आणि पिशवीतून एक काठी काढली. काठीच्या टोकाला कुठल्याशा टेम्पोचा बाजूचा आरसा तारेनं बांधलेला होता. उकिडवं बसून त्यांनी काठी डब्याखाली सरकवली आणि आरशात बघू लागले.

"वर काय नाय," ते म्हणाले. "बीमारी सगळी खाली हाय. मोरीचं पाणी लाकडात मुरलं, गवतात उभी होती म्हणून खालनं ओल लागली, आडवे अँगल गंजून पापड झाले. उंदरांनी पण घर केलंय. चासी मात्र ठीक हाय."

"होईल का?" यांनी विचारलं.

"हौ, होईल. फरशी काढून टाकू. वरनं उभा राहून मी नवे अँगल मारतो. पण खालनं सगळं घासावं लागंल, तारेच्या ब्रशनं, चकचकीत होईपर्यंत. मग रेड ऑक्साइडचा लाल रंग, मग काळं कोटिंग. त्याला खाली पाठीवर झोपून काम करावं लागतं."

"मग तुम्ही..."

"मी खाली जात नसतो."

असं म्हणून त्यांनी काठी बाहेर ओढली. मी त्यांचं वय बघितलं, पोट बघितलं, म्हटलं असेल. हे मणक्याचे रोगी. माणूस शोधायचं ठरलं. दोघं-तिघं बघून गेले, उद्या येतो म्हणाले आणि आले नाहीत. एक आठवडा गेला. डबा फरशी उपसून तसाच उभा, सांगाडा झालेला. मी खिडकीतून बघायची तर आता फाटकाऐवजी तोच दिसायचा, कारण मी मशीन उचलून मागच्या खिडकीला आणलं होतं. रोज वाटायचं, हा असाच सडणार, आणि आपणही.

आठव्या दिवशी मी यांचा ड्रायव्हरचा जुना पांढरा गणवेश काढला. पँट कमरेला घडी घालून पिन मारली. डोक्याला फडकं बांधलं, डोळ्यांना यांचा मोटारसायकलचा चष्मा लावला. कुणाच्या तरी वाढदिवसाचा एक फ्लेक्स गच्चीवर पाणी झाकायला ठेवलेला होता, तो डब्याखाली अंथरला.

मिस्त्री वर सांगाड्यात उभे राहून अँगल मोजत होते. त्यांनी खाली बघितलं. "ताई, हे काय?"

"मी जाते खाली."

"नक्को. गंज डोळ्यात जाईल. तुमचं काम नाय ते."

"सुईत दोरा मला एका झटक्यात ओवता येतो, चाचा. हात बारीक जागेत जातो. तुम्ही फक्त सांगा."

त्यांनी यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "तिनं ठरवलं की ठरवलं." खरं तर मी आयुष्यात फार काही ठरवलेलं नव्हतं; पण त्यांनी ते म्हटलं, ते मला बरं वाटलं.

मिस्त्रींनी त्या दिवशी वेल्डिंगचं काम बाजूला ठेवलं. दोन्ही चाकं काढून बेअरिंगला ग्रीस करायला ठेवायची होती, त्यामुळं डबा चार घोड्यांवर चढवला. घोडी म्हणजे लोखंडी तिपाई, गाडीला खालून आधार द्यायची. प्रत्येक घोडीखाली त्यांनी दगडी फरशीचा तुकडा ठेवला, प्रत्येकीला लाथ मारून बघितली, खांद्यानं डबा हलवून बघितला. मग पुन्हा हलवला. तिसऱ्यांदा हलवल्यावर मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"मी इथं असेन तेव्हाच खाली जायचं," ते म्हणाले. "मी नसताना नाय."

मी मान हलवली.

खाली पहिल्यांदा सरकले तेव्हा वाटलं, आपण कुणाच्या तरी छातीखाली आलोय. नाकापासून वीतभरावर लोखंड. उंदरांच्या लेंड्यांचा वास, जुन्या ग्रीसचा वास. ब्रश पहिल्यांदा ओढला आणि तोंडावर लाल पावडर पडली. मिस्त्री बाहेर उलट्या बादलीवर बसून आरशाची काठी आत सरकवायचे आणि बोलायचे.

"डावीकडं, ताई. तिथं पापुद्रा हाय. नखानं उचला, निघतोय का बघा."

"निघाला."

"खाली लोखंड कसं दिसतंय?"

"खड्डे आहेत. देवीच्या वणासारखे."

"खड्डे चालतात. भोक हाय का? बोट घालून बघा."

"नाही."

"मग वाचला."

रोज सकाळी दहा ते दुपारी दोन. जेवणाआधी अंघोळीच्या पाण्याचा रंग विटेसारखा व्हायचा. मान अशी दुखायची की मशीनवर वाकता यायचं नाही. तरी दुपारी मशीन, कारण शाळेचं काम अडून चालत नाही. मुलीचा फोन आला की विचारायची, "आई, तू खरंच गाडीच्या खाली झोपतेस?" मी म्हणायची, झोपत नाही, काम करते. हे मात्र हळूहळू चिडचिडे व्हायला लागले. त्यांना काहीच करायला नव्हतं. ते डब्याभोवती फिरत, माझे पाय बाहेर दिसत तिथं थांबत, विचारत, "किती राहिलं?" दिवसातून दहा वेळा. मग मला उगाच घाई सुटायची. हात भराभर चालायचे, आणि बाहेरून मिस्त्री म्हणायचे, "सावकाश. सुटलेलं पुन्हा घासावं लागतं."

एक गोष्ट मला खाली पडल्यावर कळली. पाणी कुठून शिरलं ते. मोरीच्या पाइपाभोवती पत्र्याची जोड होती, आणि तिथं खालचा पत्रा बाहेरच्या बाजूनं वरच्यावर चढवलेला होता. कापडात अशी शिवण घातली तर पाऊस थेट आत येतो. वरचा पदर नेहमी खालच्यावर यायला हवा. मी हे मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी आरसा तिथं नेला, बराच वेळ बघितलं.

"हौ," ते म्हणाले. "कुणी गधड्यानं उलटी लावलीय. मला नाय दिसली."

त्यांनी ती जोड काढून सुलटी लावली, त्यावर रबराचं सील दिलं. त्यानंतर ते मला सांगण्याआधी विचारायला लागले, "तुम्हाला काय वाटतं, ताई?"

माघ संपत आला होता. घासणं संपलं, बहुतेक भागाला रेड ऑक्साइडचा हात झाला. मागच्या डाव्या कोपऱ्याचा दीड-दोन हात भाग उरला होता. आणि अवकाळी आली. एक रात्रभर पाऊस, मध्ये गारा. सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. मुरूम वरून सुकलेला दिसत होता.

घासून उघडं पडलेलं लोखंड ओल्या हवेत एका दिवसात पुन्हा लाल होतं, हे मी शिकले होते. मिस्त्री दहाला येणार. आठ वाजले होते. मी दोनदा मागं जाऊन बघून आले. हे म्हणाले, "येतील ते. थांब जरा."

"थांबतेच आहे मी," मी म्हणाले. "किती वर्षं झाली."

मी गणवेश चढवला, रंगाचा डबा उघडून ढवळला आणि खाली सरकले.

फ्लेक्स ओला होता, पाठ गार पडली. पण काम सुरू केलं की मला काही जाणवत नसे. कोपऱ्यात तोंड नेऊन ब्रश मारत होते. दीड-दोन तास गेले असतील. मग फाटक वाजलं, सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला, आणि नंतर काहीच आवाज आला नाही. मिस्त्री नेहमी आल्या आल्या यांच्याशी दोन शब्द बोलायचे. आज नाही.

"ताई." आवाज अगदी खालच्या पट्टीत होता. "ब्रश ठेवा."

"एवढा कोपरा..."

"ब्रश ठेवा. हात पोटावर घ्या. मान फिरवू नका."

मी ठेवला. माझ्या डोक्यापासून हातभरावर मागची डावी घोडी होती. मान न फिरवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. फरशीचा तुकडा एका बाजूनं मुरुमात रुतला होता, त्याखालची काळी माती पाणी पिऊन लोण्यासारखी झाली असणार. घोडी तिरकी झाली होती. लोखंडावर लोखंड घासल्याचा अगदी बारीक आवाज येत होता, थांबून थांबून.

यांची पावलं धावत आली. "अगं, बाहेर ये, मी उचलून धरतो..."

"साहेब, हात लावू नका," मिस्त्री म्हणाले, त्याच आवाजात. "तुम्ही मागं व्हा. ताई, मी सांगतो तेवढंच करायचं. टाचा रोवा. आता कंबर न उचलता पायाकडं सरका. एवढंच. थांबा. श्वास घ्या. आता पुन्हा."

मी सरकत होते. फ्लेक्स ओला असल्यानं पाठ घसरत होती, तेच बरं झालं. वरच्या अँगलला माझ्या डोक्याचं फडकं अडकलं. मी हात वर नेणार, तोच ते म्हणाले, "राहू द्या फडकं. राहू द्या. सरका." फडकं राहिलं. मग पाय उन्हात आल्याचं कळलं, मग गुडघे. यांनी घोट्याला धरलं आणि मिस्त्रींनी त्यांना थांबवलं नाही. मी ओढली जाऊन बाहेर आले.

मी उठून बसेपर्यंत काही झालं नाही. मग कच्च असा आवाज झाला आणि डब्याचा तो कोपरा खाली बसला. एक्सल मुरुमावर टेकला. रंगाचा डबा चेपला गेला आणि लाल रंग हळूहळू बाहेर वाहत आला.

हे मला धरून उभे होते. मी मिस्त्रींकडं बघितलं. ते जमिनीवर खाली बसले होते, पाय पसरून, लहान मुलासारखे. मी पाणी आणायला सांगितलं. हे पाणी घेऊन येईपर्यंत ते उठले, सायकल घेतली आणि गेले. पिशवी इथंच राहिली, आरशाची काठीही.

आठ दिवस ते आले नाहीत. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. हे म्हणाले, "दुसरा मिस्त्री बघू." मला ते पटेना. रात्री डोळा लागायचा नाही, दिवसा मशीनवर मन लागायचं नाही. डबा एका कोपऱ्यावर झुकलेला तसाच. नवव्या दिवशी त्यांची पिशवी आणि काठी घेऊन मी रिक्षानं औरंगपुऱ्याला गेले. पुढं गल्ली अरुंद, चालत. काठीचा आरसा लोकांना लागत होता, लोक वळून बघत होते. दोन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी ओळख सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, "आरसा बघून समजली मी. या." मिस्त्री आतल्या खोलीत होते, झोपलेत म्हणाल्या. चहा ठेवला. मग गाळताना म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं नसंल त्यांनी."

"काय?"

"त्यांचा लहान भाऊ. एकाच गॅरेजात होते दोघं. तो टेम्पोच्या खाली होता, जॅक यांनी लावला होता. जॅक सुटायला लागला तो यांना दिसला, बाजूलाच उभे होते. हाक मारायला गेले, आवाजच निघला नाय." त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. "लई वर्षं झाली. तवापासून खाली जात नायत. दुसऱ्या कुणाला जाऊ पण देत नव्हते. तुम्हाला कसं जाऊ दिलं, मला नवल वाटलं."

मी कप खाली ठेवला. ते मला तीनदा डबा हलवून दाखवत होते आणि मी हसले होते.

आतल्या दारात मिस्त्री उभे होते. झोपलेले नव्हतेच. मी उभी राहिले. "चाचा, चूक माझी होती," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं होतं."

"हौ," ते म्हणाले. "तुमचीच होती."

त्यांच्या बायकोनं त्यांच्या हातातही कप दिला. ते चहा प्यायले, सगळा.

"पुन्हा न विचारता जाल?"

"नाही."

"कसम?"

"कसम मी खात नाही. नाही म्हटलं म्हणजे नाही."

त्यांनी आरसा उचलून फडक्यानं पुसला आणि कोपऱ्यात ठेवला. मी घरी आले. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, त्या रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि न विचारता वेग कमी केला.

दुसऱ्या दिवशी एक छोटा टेम्पो फाटकात आला. त्यात रेल्वेच्या रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचे आठ तुकडे, दोन मजूर, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी मिस्त्री. त्यांनी मुरूम बाजूला करायला लावला, काळी माती हातभर खणायला लावली, खडी भरून घेतली आणि त्यावर स्लीपर मांडले. ओझ्याचं काम यांच्याकडून करून घेतलं नाही, मजूर होते. पण कुठली फळी कुठं, हे यांना विचारून ठरवलं. यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळलेला दिसला. डबा पुन्हा उचलला. मग मिस्त्रींनी मला बोलावलं नाही. ते स्वतः वाकले, एक हात जमिनीला टेकवला आणि डोकं व एक खांदा डब्याखाली घातला. तेवढंच. कंबर बाहेरच. दहा-पंधरा सेकंद तसे राहिले आणि बाहेर आले. कपाळाला घाम होता.

"जा आता," मला म्हणाले. "मी हाय."

उरलेल्या कोपऱ्याला रंग झाला. नंतर काळं कोटिंग, रबरासारखं दाट, ब्रशनं दोन हात. त्याचा वास डोक्यात भिनायचा, दर अर्ध्या तासानं बाहेर यावं लागायचं. पाइपांच्या भोकांभोवती उंदरांसाठी बारीक जाळी बसवली. वाळूजच्या कारखान्यांतून निघालेला कन्व्हेयर पट्ट्याचा जाड तुकडा मिस्त्रींनी आणला आणि चाकांपुढं आडवा लावला, म्हणजे रस्त्यावरचे दगड उडून पाण्याच्या पाइपाला लागू नयेत. वर नवी फरशी बसली. शेवटच्या दिवशी मिस्त्रींची बायको आली, आत अंथरुणावर बसून बघितलं, एक-दोनदा हलून बघितलं. "गादी मऊ हाय," म्हणाल्या. मी त्यांच्या घरच्या खिडकीसाठी, डब्याच्या पडद्यांतून उरलेल्या कापडाचे पडदे शिवून दिले.

आरटीओची कागदं झाल्यावर आम्ही निघालो. पहिला मुक्काम गंगापूरच्या पुढं, गोदावरीचं पाणी पसरतं त्या बाजूला. ऐन उन्हाळा सुरू व्हायच्या आत. यांनी कमरेला पट्टा बांधला, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि मी लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत पाहिलेला चेहरा पुन्हा बघितला. ते गात नव्हते, पण ओठ हलत होते.

माझं मात्र उलटं. मागं डब्याखाली एक खडा टणकन वाजला की माझ्या पाठीत लागायचा. कोटिंग निघालं असेल का, जोड सुटली असेल का. वाळूजच्या पुढं मी त्यांना थांबायला लावलं, उतरले, वाकून बघितलं. दहा मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "अगं, गाडी चालवायची का थांबवायची?" मी म्हटलं, "तुम्ही वरून बघता. मी खालून बघितलंय तिला." त्यांनी गाडी थांबवली.

गंगापूरच्या पुढं एका बाईंच्या शेताच्या बांधाला, पाण्यापासून थोडं वर, आम्ही डबा लावला. बाई कपाशीची वाळलेली झाडं उपटत होत्या. "ऱ्हा की," म्हणाल्या. "पण हितं बघायला काय हाय? पाणी अन् बगळे." चहा पाठवला. दुपारपर्यंत मी ओटा लावला, पाण्याची टाकी भरली, दाराबाहेर सतरंजी टाकली आणि बसले. समोर पाणी. इतकं मोठं पाणी मी जवळून पाहिलं नव्हतं.

तासभरानं हे म्हणाले, "चल, आता पैठणला जाऊ."

"आत्ताच तर आलो."

"बघून झालं की."

"माझं नाही झालं."

"आज पैठण, उद्या पुढं. एका जागी बसून काय करायचं?"

मग आमचं भांडण झालं. आवाज चढला नाही, आमचा कधी चढत नाही, पण दोघंही खूप वर्षांचं बोललो. ते म्हणाले, एका जागी बसलं की मला गुदमरतं, तुला कळत नाही. मी म्हटलं, मी तीस वर्षं एका जागी बसले, मला कळत नाही असं कसं म्हणता? आणि आता मी माझ्या मर्जीनं बसते आहे, तर तुम्ही मला उठवताय. ते बांधावर येरझाऱ्या घालू लागले. त्यांची सावली सतरंजीवरून जायची, यायची.

शेवटी मी म्हटलं, "जीप सोडवा. तुम्ही जा. मी थांबते."

"एकटी?"

"बाई आहेत शेतात. अन् मी एकटी कधी नव्हते?"

त्यांनी जीप सोडवली. डब्याच्या पुढच्या टेकूखाली दगड लावायला गेले, मी म्हटलं, मी लावते. त्यांनी दोनदा वळून बघितलं आणि गेले. धुळीचा लोट वळणापर्यंत दिसला, मग तोही गेला.

मला वाटलं होतं, आता निवांत वाटेल. नाही वाटलं. अर्धा तास मी काहीबाही उचलत-ठेवत राहिले. दोनदा उठून रस्ता बघून आले. स्वतःचाच राग आला. मग पाण्याकडं चालत गेले, पाय बुडवले. काठाचा चिखल बोटांत शिरला. बगळे होते, बाई म्हणाल्या तसे. बराच वेळ उभी राहिले असेन, कारण परत आले तेव्हा पोटऱ्यांवर चिखल वाळून तडकला होता. आत जाऊन तासभर झोपले. दिवसा झोपायची मला सवय नाही.

ऊन उतरल्यावर जीप आली. मेथीच्या दोन जुड्या, पेरू, आणि जिलबीचा पुडा. हे उतरून सतरंजीवर बसले, पट्टा सोडला आणि बोलत सुटले. पैठणपर्यंत गेलेच नव्हते; गंगापूरच्या बाजारात कुठला जुना ड्रायव्हर भेटला, कुठल्या पुलाचं काम चालू आहे, पुढच्या रस्त्याला किती खड्डे आहेत. मी मेथी निवडत ऐकत होते. मग ते थांबले आणि म्हणाले, "तू काय केलंस?"

मी पाण्यात उभी राहिल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठं, दाखव. मी बसल्या जागेवरून बोट केलं. ते तिकडं बघत राहिले, जिलबी खात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते उठून जीपच्या काचा पुसत होते. मी चहा दिला. "जाऊन येऊ?" त्यांनी विचारलं.

"या," मी म्हटलं. "दुपारी भाकरी करते. उशीर करू नका."